विनाकारण थांबा

जालन्याच्या मोंढ्यामागे, भुसार दुकानाच्या वर
आमचं ऑफिस. चौदा ट्रक, एक पंखा,
आणि एक जुना कॉम्प्युटर, ज्यावर मी रात्री दीडपर्यंत बसून
गाड्या दाखवणारं ते सॉफ्टवेअर चढवलं.
शेठ म्हणाले, फुकट आहे? मग काहीतरी गोम असणार.
म्हटलं, गोम नाही, कुलूप नाही, एवढंच.
कुणीतरी बांधून ठेवलंय आणि दार नुसतं लोटून गेलेत.
आत जा, खिळा ठोका, भिंत पाडा, कुणी विचारत नाही.

फक्त सगळं इंग्रजीत.
मुंजाजी म्हणाला, ताई, मला वाचता येईल असं करा की,
मोबाईलवर नुसत्या मुंग्या दिसतात.

मग एकेक शब्द घेऊन बसले. तीनशे बारा शब्द.
डिस्पॅचला 'रवाना' लगेच सापडला,
तो आमच्या बिल्टीवर शेठच्या वडलांपासून छापलेला.
नकाशावरची जी रेघ ओलांडली की घंटी वाजते
तिला आधी लिहिलं, भौगोलिक कुंपण.
वाचून माझं मलाच हसू आलं.
मग आठवली शीव.
नवरदेवाची गाडी जिथे नारळासाठी थांबते,
भावकीची भांडणं जिथून सुरू होतात, ती.
दोन अक्षरं. खोक्यात बरोबर बसली.

हिंगोलीच्या वाटेवर, येलदरीच्या वळणांत
रेंज जाते, ठिपका करडा होतो.
तिथे लिहिलं, 'दिसत नाही, येईल.'
शेठ म्हणाले, येईल हे कशावरून?
म्हटलं, रोज येते.

आणि न ठरवता उभ्या राहिलेल्या गाडीला लिहिलं
'विनाकारण थांबा'. वर लाल रंग.
शेठना हे फार आवडलं.

पहिल्याच आठवड्यात शेख खाजांची गाडी
मंठ्याच्या पुढे लाल. बावीस मिनिटं.
मंगळवारी लाल. शुक्रवारी तिथेच, त्याच लिंबाखाली असणार.
शेठ म्हणाले, लाव फोन, भत्ता कापू.

खाजाभाई चिडले नाहीत.
देखो बेटा, म्हणाले, मंठ्यापर्यंतचा रोड पाहिला का कधी?
खड्ड्यांनी सळ्यांचा भारा सैल होतो.
एक सळई हातभर मागे सरकली
तर मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही,
दिवेलागणीला तर मुळीच नाही.
साखळी आवळायला वीस मिनिटं. दोन मिनिटं पाणी प्यायला.
हवं तर ती दोन कापा.

फोन ठेवला. खाली भुसारवाला पोती मोजत होता,
लाभ, दोन, तीन.
मी फाईल उघडली. ओळ दोनशे सहा.
'विनाकारण' खोडलं, नुसतं 'थांबा' ठेवलं,
तर मुंजाजी म्हणाला, हा तर हुकूम झाला,
चालत्या गाडीत असं वाचून मी ब्रेकच मारीन.
शेवटी लिहिलं, 'थांबली आहे. विचारा.'
लाल काढून हळदीचा रंग दिला.

शेठ दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी टेबलावर नव्या साखळ्या, चौदा,
आणि त्यांचं बिल, माझ्या नावाने फाडलेलं.
अजून ते तसंच खणात आहे.

शब्दांची फाईल मी परत पाठवली,
जिथलं दार लोटलेलं होतं तिथे.
कुणा अनोळखी माणसाने ती ठेवून घेतली.
त्याला मराठी येत नसावी.
त्याने एकच विचारलं, शीव म्हणजे काय?

उत्तर लिहिते आहे. नारळापर्यंत येते आणि खोडते.
साडेअकरा वाजलेत. चौदावा ठिपका
येलदरीपाशी आत्ताच करडा झाला.
दिसत नाही, येईल.
जिन्याची किल्ली हातात घेऊन
मी अजून बसलेली आहे.